कोरड्या बोअरचा तिसरा श्वास

आधी तो आवाज, मग बाकीचे.

१९८१ चा मे महिना. चांदनी शिवारातल्या आमच्या शेतात बोअरचे मशीन दोन दिवस धडधडून थांबले. तीनशे दहा फूट खोल जाऊन नुसती राखेसारखी धूळ वर आली होती. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली होती. तो दक्षिणा घेऊन केव्हाच गेला होता. मशीनवाल्यांनी पाइप गुंडाळले, गाडी गेली, आणि शेतात अशी शांतता पडली की केळीचे पान फाटल्याचे ऐकू यावे. माझे वडील दगाभाऊ टोपी मांडीवर ठेवून बांधावर बसले होते. तेव्हा, दुपारी चारच्या सुमारास, त्या सहा इंची तोंडातून आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा. लांब, सपाट, न थांबणारा.

वडील म्हणाले, "हासतीये मले."

त्यानंतर ते त्या बोअरकडे कधी फिरकले नाहीत. मी मात्र चव्वेचाळीस वर्षे तिथून उठलो नाही.

आता जे कायद्याने लिहायचे ते लिहितो. मी, वामन दगा महाजन, वय एकोणऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार शेतातले घर, चांदनी, जिल्हा बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी वार, तारीख विचारली, मी सांगितली. "आणखी काही विचारा," म्हटले, तर हसले. मग मीच त्यांना पाऊणकीचा पाढा म्हणून दाखवला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

हा कागद मराठीत आहे. वकील भूपेंद्र, जो सातवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे, म्हणाला, "सर, कोर्टात हिंदी चालते. टाइप करून देतो ना, एकदम साफ." मी म्हटले, हिंदी तर्जुमा खुशाल जोड, पण मूळ माझ्या अक्षरात राहील, खाडाखोडीसकट. खाडाखोड का ठेवायची, ते पुढे येईल.

कलम १. बऱ्हाणपुरातील लालबागचे दोन खोल्यांचे घर व शेतातील रस्त्याकडची साडेतीन एकर केळीची जमीन माझा मुलगा ललित यास. ललित इंदूरला नोकरीत आहे. ही जमीन प्लॉट पाडून विकायची त्याच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने लपवलेही नाही. विकावी. तो वाईट मुलगा नाही. फक्त लहानपणापासून कुठलीही गोष्ट दाखवली की त्याच्या तोंडून एकच यायचे, "मग याचा फायदा काय?" चंद्रग्रहण दाखवले तेव्हाही हेच. माझी तक्रार नाही. आमच्या सगळ्या मुलखाने मला हेच विचारले आहे.

कलम २. माझी सगळी जुनी क्रमिक पुस्तके नातू अनिकेत यास. अट एवढीच की कविता मनात वाचू नयेत. चालीवर, मोठ्याने, उभे राहून म्हणाव्यात. कळली नाही तरी म्हणावी. कविता आधी घशाला कळते, मग डोक्याला.

कलम ३. पाच हॉर्सपॉवरचा पाण्यातला पंप, खोक्यासकट, माझा धाकटा भाऊ गिरधर यास. बोअर खणून होण्याआधीच हा पंप गिरधरने आणून हळदकुंकू लावून ठेवला होता. चव्वेचाळीस वर्षांत त्याचे खोके उघडलेले नाही. १९८७ साली, "त्या भोकाजवळ बसून तुझं डोकं फिरलं," असे म्हणून गिरधरने त्यात केळीचा अख्खा कांदा, म्हणजे बुडाचा गड्डा, लोटला. तो पंचवीस फुटांवर अडकला. मला गळ टाकून, तुकडे तुकडे करून तो काढायला साडेचार महिने लागले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. गिरधर, पंप घे. कुठेतरी पाणी लागेल तुला. ते साडेचार महिने मी माफ केले आहेत. कांदा अजून केलेला नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

ती बोअर श्वास घेते. भुताखेताची गोष्ट नव्हे, कोणीही येऊन पाहावे. सकाळी दहाच्या सुमारास ती हवा आत ओढते, दुपारी चारच्या सुमारास बाहेर सोडते. तोंडावर दोऱ्याने मोरपिसाचा एक तंतू टांगला तर तो दहाला आत वाकतो, चारला बाहेर. पहिली दोन वर्षे मला वाटले आपल्याला जगात कुणाला न दिसलेले दिसले. मग एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी समजावले की बाहेरच्या हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. रात्रीचाही एक फेरा असतो. जमिनीखाली पोकळ्या असल्या की अशा बोअर जगात ठिकठिकाणी आहेत. मला अजिबात वाईट वाटले नाही. उलट इतके बरे वाटले की मी त्या दिवशी स्टेशनावरून घरी येईपर्यंत गात आलो. बंद पडलेल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतून दाब मोजायचे जुने यंत्र विकत घेतले आणि पहिल्या वर्षापासूनच्या नोंदींना दाबाचे आकडे जोडू लागलो.

पण मी शिक्षक. सोमवार ते शनिवार सकाळच्या गाडीने बऱ्हाणपूर, संध्याकाळच्या गाडीने परत. दहाला आणि चारला मी फळ्यासमोर. मग शेतात कोण? माझी मोठी बहीण मालूबाई. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी कुंकू गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच. शाळेचे तोंड तिने पाहिले ते बाहेरून. लहानपणी माझा डबा घेऊन यायची आणि सुटी होईपर्यंत वर्गाच्या भिंतीला टेकून उभी राहायची.

मी संध्याकाळी हातपाय धुऊन वही उघडायचो. ती चुलीपुढून सांगायची, "दहाले ओढला. चारले सोडला." मी लिहायचो. आणि कधीकधी ती म्हणायची, "वामन्या, आज मधी बी एकडाव सोडला बरं. जेवनाच्या टाइमले."

"मधे कसा सोडेल, अक्का? दाब तेव्हा पुरता उतरलेला नसतो."

"दाब मले काय ठाऊक? सोडला तं सोडला. आज खाली शाळा भरेल व्हती."

"काय भरली होती?"

"शाळा. पोरं नाही का म्हनत एका सुरात? तसं."

मी हसायचो. कच्च्या वहीत लिहायचो खरे, पण रविवारी बसून पक्की वही करायचो. फेअर. ही आम्हा शिक्षकांची खोड. कच्ची वही म्हणजे चुका, पक्की वही म्हणजे उत्तर. लाल शाईने समास, निळ्या शाईने आकडे, अक्षर असे की तपासनीसाने पाठ थोपटावी. आणि पक्की करताना ते मधले वाक्य मी गाळायचो. निरक्षर बाईचा भास विज्ञानाच्या वहीत कसा घालायचा? वर्ष संपले की होळीला कच्ची वही होळीत.

मी सत्तावीस वर्षे असे केले. ही या कागदातली सर्वांत महत्त्वाची कबुली आहे आणि भूपेंद्रने सुचवूनही मी ती काढणार नाही. सत्तावीस होळ्यांमध्ये मी माझ्या बहिणीची नोंद स्वतःच्या हाताने जाळली.

२००८ साली निवृत्त झालो आणि दिवसभर बोअरपाशी बसू लागलो. अकराव्या आठवड्यात एका बुधवारी, दुपारी सव्वाला, मोरपिसाचा तंतू बाहेर वाकला.

आधी आजूबाजूच्या शेतांतले पंप पाहिले. कोण केव्हा चालू करतो, वीज केव्हा जाते, सगळे महिनोन्‌महिने लिहिले. रेल्वे पाहिली. तिथी पाहिल्या, भूकंपाच्या बातम्या कापून चिकटवल्या. काही जुळत नाही. कधी सतरा दिवसांनी, कधी चाळीस, कधी लागोपाठ दोन दिवस. आणि तो श्वास वेगळा असतो. दहाची आणि चारची हवा आमच्या मातीची, कोरडी. ही दमट असते आणि किंचित उबदार, आणि तिला ओल्या फडक्याने नुकत्याच पुसलेल्या पाटीचा वास असतो. तीनशे दहा फुटांत पाण्याचा थेंब नाही. ओल येते कुठून?

आवाजाबद्दल लिहायचे मी टाळत आलो, पण मृत्युपत्रात टाळणे बरे नाही. चारचा आवाज एकाच पट्टीत असतो. मधल्या श्वासाचा आवाज वरखाली होतो. शाळेच्या व्हरांड्यातून जाताना बंद दाराआड एखादा वर्ग कविता म्हणत असतो. शब्द कळत नाहीत, पण चाल कळते, कुठे ओळ संपली तेही कळते. सदतीस वर्षे मी त्या व्हरांड्यात हिंडलो आहे. मला तो आवाज ओळखता येतो. मी इतकेच म्हणतो. खाली कोणी आहे असे मी म्हणत नाही. दगडाच्या फटीतून हवा अशी का जावी, हे विचारायला हवे, एवढेच म्हणतो.

मी पाचवीच्या मुलांसाठी एक कविता रचली होती:

पानामागे पान हाले, पानामागे कोण?
कोण नाही, वारा आहे, वाऱ्यामागे कोण?

मुले पुढचे कडवे मागायची. मला ते कधी सुचले नाही. आता वाटते, न सुचलेले कडवे हेच सगळ्या शास्त्राचे मूळ आहे, आणि त्यासाठीच मी पैसे ठेवतो आहे.

कलम ५. भिंत.

मालूबाई २०१४ च्या माघात गेली. शेवटचे दोन महिने ती लालबागच्या घरी अंथरुणाला खिळून होती. शेतावर परत आलीच नाही. तिचे दिवस झाल्यावर मी शेतातल्या घरचा स्वयंपाकाचा ओटा आवरायला घेतला. ओट्यामागची भिंत गेरूच्या बारीक रेघांनी भरलेली आहे, वरपासून खालपर्यंत. ती मी रोज पाहत होतो. बायका दुधाचा हिशेब असा भिंतीवर ठेवतात, तसा तो आहे असे समजत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले की आमची म्हैस आम्ही १९८९ साली विकली.

दिवसाला एक उभी रेघ. अमावास्येला आडवी. आणि काही रेघांच्या डोक्यावर एक वाटोळा ठिपका. २००८ नंतरच्या माझ्या वह्या काढून मी ठिपके ताडून पाहिले. माझ्या नोंदीतला प्रत्येक मधला श्वास तिच्या भिंतीवर होता. मी जे जाळत होतो ते ती भिंतीवर ठेवत होती. 

पण मला या वयात झोप लागत नाही ती त्यामुळे नव्हे. मी शेवटच्या ओळी मोजल्या. भिंतीवरच्या रेघा ती लालबागला गेली त्या दिवशी संपत नाहीत. पुढे एकसष्ट दिवस जातात. ते एकसष्ट दिवस ती इथे नव्हती. तिने जाण्याआधी बसून पुढचे दिवस काढून ठेवले होते आणि त्यांतल्या तीन रेघांवर ठिपके दिले होते. ते दोन महिने मी तिची सेवा लालबागच्या शेजारीण मंगलाबाईंवर सोपवून रोज दुपारी शेतावर येत होतो. नोंद चुकू नये म्हणून, देव मला क्षमा करो. त्या दोन महिन्यांत मधला श्वास तीनदा आला. तिन्ही ठिपके बरोबर.

म्हणजे तिला नियम सापडला होता. मी वह्या, यंत्र, पंचांग घेऊन जे शोधू शकलो नाही ते तिने गेरूच्या काडीने शोधले होते, आणि मी कधी विचारले नाही म्हणून तिने कधी सांगितले नाही.

एकसष्टाव्या दिवशी ती गेली. त्यापुढे भिंतीवर एकही रेघ नाही. जागा आहे. बरीच जागा आहे.

ललितला दाखवले. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच काढल्या असतील नंतर. तेव्हा तुमची मनःस्थिती बरी नव्हती." त्याची बायको वैजयंती मागे उभी होती. ही तीच सून, जी दर दिवाळीला मला म्हणते, "बाबा, रंगारी आलाय, एवढी एक भिंत होऊ द्या की! पाहुण्यांना काय सांगू? सासऱ्यांनी रेघोट्या मारल्या म्हणू?" ती पुढे झाली, ठिपक्यावर बोट न टेकवता बोट धरले आणि विचारले, "पण आत्यांना हे शिकवलं कुणी?"

हा एकच प्रश्न मला चव्वेचाळीस वर्षांत कुणी बरोबर विचारला. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी मुलाकडे नव्हे, वैजयंतीकडे सोपवतो. ललितने राग मानू नये. मानला तरी चालेल.

भिंत रंगवू नये, धुऊ नये, तिच्यावर खिळा ठोकू नये.

कलम ६. निधी.

बोअर, तिच्याभोवतीची दीड एकर जमीन, शेतातले घर, भिंत, दाबाचे यंत्र, घड्याळ, माझ्या वह्या, तसेच बँकेत मुदतीने ठेवलेले चाळीस लाख रुपये (पेन्शनची बचत व नदीकडची दोन एकर विकून आलेले) यांचा मिळून एक निधी करावा. नाव: मालूबाई दगा महाजन मुक्त शोध निधी. माझे नाव कुठेही घालू नये. विश्वस्त वैजयंती व भूपेंद्र. तिसरी जागा शोध करणाऱ्यासाठी. मुद्दल मोडू नये, व्याजावर एका माणसाने साधेपणाने जगावे आणि शोधावे.

मोठ्या शहरांतले धनिक अशा निरुपयोगी विद्येसाठी कोटींनी देणग्या देतात असे मी वर्तमानपत्रात वाचतो. त्यांच्यापुढे माझे हे म्हणजे ओंजळभर. पण ओंजळीलाही अटी असतात. त्या अशा:

पंचवीस वर्षे कोणीही शोधकर्त्याला "याचा फायदा काय" असे विचारू नये. विश्वस्ताने विचारले तर त्याचे पद गेले असे समजावे.

पदवी पाहू नये. जात, वय, बाई की पुरुष पाहू नये. फक्त एवढे पाहावे की या व्यक्तीला गप्प बसून ऐकता येते का.

पहिले वर्षभर कोणतेही नवे यंत्र आणू नये. ऐकावे, भिंत वाचावी.

कच्ची वही जपावी. पक्की करू नये. जे दिसले ते, ज्या शब्दांत सांगितले त्या शब्दांत, सांगणारा कोणीही असो. "शाळा भरली" असे सांगितले तर "शाळा भरली" असेच लिहावे.

वर्षाला एक पत्र लिहावे. "काही सापडले नाही" एवढे एकच वाक्य असले तरी ते पूर्ण पत्र समजावे.

शेवटी हे सगळे नुसत्या हवेच्या दाबाचेच निघाले तर तसे स्वच्छ लिहून टाकावे. मला वाईट वाटणार नाही. अक्कालाही नाही, तिला कधीच कुणाला काही पटवून द्यायचे नव्हते.

कलम ७. घ्यायला कोणी नसेल तर.

याची मला खरी भीती आहे. गेल्या सहा वर्षांत मी नऊ संस्थांना पत्रे लिहिली. पाचांचे उत्तर नाही. तिघांनी सभ्य नकार दिला. एकाने फॉर्म पाठवला. त्यात "अपेक्षित लाभार्थींची संख्या" असा रकाना होता. मी "शून्य" लिहिले. पुन्हा पत्र आले नाही.

आणि आता वेळही राहिलेला नाही. उघड्या कोरड्या बोअर सिमेंटने बुजवण्याचा हुकूम निघाला आहे. हुकूम योग्य आहे. लहान मुले त्यांत पडतात, मी ते वाचले आहे, रडलो आहे. माझ्या बोअरवर मी वेल्डिंगची जाळी आणि कुलूप बसवले आहे, पण कागदात जाळीला सोय नाही. मी लेखी हरकत दिली, मधल्या श्वासाच्या तारखा व वेळांसकट. उत्तरादाखल नोटीस आली. येत्या सोमवारी, १७ तारखेला, बोअर भरणार. खाली उपयंत्रीची, म्हणजे कनिष्ठ इंजिनियरची सही, अक्षर न लागणारी.

लीलाधरराव, आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "वामनराव, स्टे आणा."

भूपेंद्र म्हणाला, "कशावर आणू? बोअर श्वास घेते असं जज साहेबांना सांगू? मला बाहेर काढतील, सर. पण एक आहे. जागा रजिस्टर संशोधनाची असेल आणि तिथं काम करणारा माणूस नावानिशी असेल, तर वेगळी अर्जी करता येते."

"माणूस कुठून आणू?"

"तेच तर."

म्हणून लिहितो: सोमवारच्या आत किंवा त्यानंतर एका वर्षाच्या आत निधी घ्यायला कोणी पुढे आले नाही, तर जमीन ललितला द्यावी, आणि पैसे या देशात जिथे कुठे कोणी असाच निरुपयोगी प्रश्न घेऊन एकटे बसले असेल त्याला शोधून द्यावेत. बोअर भरली गेली असेल तर तिच्यावर काही बांधू नये. भिंतीचे काय करायचे ते वैजयंतीने ठरवावे. पण रंगवण्याआधी तिने एकदा सगळे ठिपके मोठ्याने मोजावेत. कोणीतरी ते ऐकले पाहिजेत.

कलम ८. मंगलाबाईंनी माझ्या बहिणीची शेवटी सेवा केली. त्यांना साक्षीदार व्हायचे असल्याने काही देता येत नाही असे भूपेंद्र म्हणतो. मंगलाबाई म्हणाल्या, "मला काय करायचंय तुमचं? चहा तरी वेळेवर पाजा." पाजला आहे.

कलम ९. माझ्या देहाची राख तापीत सोडावी. बोअरमध्ये चिमूटभरही टाकू नये. तिथल्या हवेत माझी भर नको. पुढे नोंदी घेणाऱ्याचा गोंधळ होईल.

वरील सर्व मी वाचले, मंगलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या दोन ठिकाणी हसल्या, एका ठिकाणी उठून बाहेर गेल्या. जसे लिहिले तसेच माझ्या मनात आहे.

ठिकाण: शेतातील घर, चांदनी, जि. बऱ्हाणपूर
दिनांक: गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी बारा वाजता

(सही) वामन दगा महाजन

आमच्यासमोर वामनरावांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. (सही) लीलाधर सोनू चौधरी, निवृत्त पोस्टमास्तर, चांदनी
२. (सही) मंगला एकनाथ पाटील, निवृत्त मुख्याध्यापिका, लालबाग

सहीच्या खाली:

मंगलाबाईंच्या सहीची शाई वाळायच्या आत दारात गाडी थांबली. भूपेंद्र म्हणतो, "सर, सहीखाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत." नको धरू दे. माझ्यासमोर घडते आहे ते मी लिहून घेतो आहे.

तिशीची एक मुलगी, डोक्यावर हेल्मेट, बूट सिमेंटने पांढरे. "वामन महाजन सर इथेच ना? मी मोनाली. उपयंत्री. नोटिसवर माझीच सही आहे."

मृत्युपत्रासाठी इंदूरहून आलेली वैजयंती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "सोमवार लिहिलं होतं तुम्ही. आज गुरुवार आहे."

"हो ताई, माहीत आहे. सिमेंट नाही आणलं मी. एकटीच आले." तिने हेल्मेट काढले. ते पायरीवर ठेवले. "सर, धूलकोटकडे मी अकरा बोअर भरल्या. खाली मुरूम, वरती दोन फूट काँक्रीट. सोमवारी शेवटच्या तीन केल्या, मी स्वतः उभी होते. मंगळवारी संध्याकाळी बघायला गेले, तर तिन्ही फुगलेल्या. वरून. भाकरी फुगते ना तव्यावर, तशी. आणि तशीच घट्ट झालेली. एक फुटली होती, तर आत पोकळ. बोलो, दोन फूट काँक्रीट! गावची लोकं म्हणाली, मॅडम, दुपारी सव्वा वाजता तिन्हीकडे आवाज आला. एकाच टाइमला. तीन गावं आहेत सर, मध्ये दहा-दहा किलोमीटर."

मी वही उघडली. मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी एक वाजून सोळा मिनिटे. ही नोंद मी अजून कोणाला दाखवलेली नाही. मी वही तिच्याकडे फिरवली. तिने वाचली, वेळेवर बोट ठेवून पुन्हा वाचली.

"साहेबांना सांगितलं?" भूपेंद्रने विचारले.

"सांगितलं. म्हणाले, माल खराब असेल, फिरसे भरो. फाइलमध्ये 'कार्य पूर्ण' एवढाच रकाना आहे, भाऊ. फुगली कुठे लिहू?" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तुमच्या हरकतीत तारखा होत्या. रात्रभर वाचत बसले. सर, मी रजा टाकून आले. किती दिवसांची, ते घरी पण नाही सांगितलं."

वैजयंती उंबऱ्यातून बाजूला झाली आहे. मुलगी अजून बाहेरच उभी आहे आणि मला विचारते आहे, बूट इथेच काढू का.